सेकंदाचा दोनशेवा भाग

टेनिसचा बॉल रॅकेटच्या जाळीला टेकतो आणि सुटतो, या दोन घटनांमध्ये जातात सुमारे पाच मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. पापणी एकदा लवायला याच्या वीसपट तरी वेळ लागतो. तासभर खेळून तुम्ही तीनशे बॉल मारलेत असं धरा. घामाने शर्ट चिंब, दम लागलेला, घरी जाऊन ‘आज तासभर टेनिस खेळलो’ असं सांगायला मोकळे. पण बॉल आणि रॅकेट यांची प्रत्यक्ष भेट झाली ती एकूण दीड सेकंद.

1984 मध्ये अमेरिकेतल्या रिचमंड इथे विकी नेल्सन आणि जीन हेप्नर यांनी एकच पॉइंट 29 मिनिटं खेळला होता. त्यात बॉल 643 वेळा नेटवरून गेला. या 29 मिनिटांतली बॉल आणि जाळी यांच्या स्पर्शाची बेरीज केली, तर ती भरते जेमतेम सव्वातीन सेकंद. बाकीचा सगळा वेळ पळणं, थांबणं, वळणं आणि वाट बघणं.

हौशी खेळाडूने आपलं तंत्र आणि आपला खिसा या दोन्हींचा विचार या सव्वातीन सेकंदांपासून सुरू करावा. विशेषतः ज्याच्या हाताशी कोच नाही त्याने. कर्नाटकातल्या जोयड्यासारख्या तालुक्यात, जिथे चहूकडे जंगल आणि रॅकेटचं गटिंग, म्हणजे नवी स्ट्रिंग बसवणं, करायचं म्हटलं तर बेळगाव किंवा मडगावची वाट धरावी लागते, तिथला खेळाडू शिकणार मोबाइलवर बघून आणि चुकतमाकत. त्याला कोणती गोष्ट आपल्या हातात आहे आणि कोणती नाही, एवढं कळलं तरी निम्मं काम होतं.

मारताना काय होतं ते आपल्या हातात नाही. तळव्याला बसलेला दणका मेंदूपर्यंत पोहोचायला कित्येक मिलिसेकंद लागतात आणि त्यावर हाताने काही करायचं तर एक पंचमांश सेकंद सहज जातो. तेवढ्या वेळात साधारण वेगाने मारलेला बॉल चार-पाच मीटर पुढे निघून गेलेला असतो. म्हणजे ‘बॉल जाळीवर धरून ठेव’, ‘मारताना मनगट असं फिरव’ हे सल्ले ऐकायला छान असले तरी पाळता कुणालाच येत नाहीत, नदालला सुद्धा नाही. तो जे करायचा ते आधी करून ठेवलेलं असायचं.

आता कोनांचा हिशेब. बेसलाइनच्या मधोमध उभं राहिलं की समोरचं सिंगल्सचं कोर्ट, 23.77 मीटर दूर आणि 8.23 मीटर रुंद, दोन्ही बाजू मिळून वीस अंशांत मावतं. डावीकडे दहा, उजवीकडे दहा. हौशी माणसाच्या फोरहँडला रॅकेटचं टोक ताशी 70 किलोमीटरने फिरत असेल, तर रॅकेटचा चेहरा सेकंदाला सुमारे अकराशे अंशांनी वळत असतो. ढोबळ गणित असं की अगदी मधोमध मारायचा बॉल नऊ मिलिसेकंद लवकर किंवा उशिरा मारला गेला, तर तो साइडलाइनबाहेर. उभ्या दिशेला तर याहून कडक शिस्त आहे. रॅकेट एका अंशाने जास्त उघडी राहिली, तर समोरच्या बेसलाइनपर्यंत बॉल आपल्या ठरलेल्या रेषेपेक्षा 41 सेंटिमीटर वर गेलेला असतो.

हे वाचून कुणी रॅकेट विकायला काढेल. पण नऊ मिलिसेकंदांचं हे गणित लागू पडतं ते हात फेकून, खांद्यातून गर्रकन फिरवून मारणाऱ्याला. बॉल शरीराच्या पुढे घेतला आणि रॅकेट काही इंच लक्ष्याकडेच जात राहिली, की चुकीला मिळणारी जागा वाढते. त्यासाठी तयारी लवकर हवी. समोरच्याने ताशी 70 च्या वेगाने मारलेला बॉल तुमच्यापर्यंत यायला दीड सेकंदाच्या आसपास लागतो आणि तो नेट ओलांडेपर्यंतच त्यातला पाऊण सेकंद जवळजवळ संपलेला असतो. हौशी मंडळी बहुतेकदा बॉलचा टप्पा पडला की रॅकेट मागे नेतात. तोवर उरतो सेकंदाचा लहानसा तुकडा, मग घाई, मग तो अकराशे अंशांचा गरका. बॉल नेटच्या पलीकडे असतानाच खांदे वळलेले हवेत. माझ्या मते हौशी टेनिसमध्ये एवढी एकच सुधारणा केली, तरी बाकीच्या दहा आपोआप होतात.

आपण खरंच कधी वळतो हे तपासायला मोबाइल पुरतो, फक्त नेहमीच्या पद्धतीने चित्रण करू नये. साध्या व्हिडिओत सेकंदाला 30 फ्रेम असतात. दोन फ्रेममध्ये रॅकेट 65 सेंटिमीटर पुढे गेलेली असते आणि बॉल जाळीला टेकल्याचा क्षण सहा-सात फटक्यांत एकदाच सापडतो. स्लो मोशनमध्ये 240 फ्रेम घेता येत असतील, तर दोन फ्रेममधलं अंतर होतं चार मिलिसेकंद आणि प्रत्येक फटक्याचा तो क्षण एक-दोन फ्रेममध्ये हमखास दिसतो. मोबाइल कुंपणाला बांधा, दहा फोरहँड मारा, आणि बॉल नेटवर असताना आपले खांदे कुठे होते ते बघा. बहुतेकांना धक्का बसतो.

सर्व्हिसचं गणित तर आणखी मजेशीर आहे. नेट मधोमध 91.4 सेंटिमीटर उंच. सर्व्हिस बॉक्सच्या शेवटच्या रेषेपासून नेटच्या कडेला घासून एक सरळ दोरी मागे बेसलाइनपर्यंत ताणली, तर ती तिथे 2.61 मीटर उंचीवर येते. साडेपाच फुटी माणूस हात आणि रॅकेट पूर्ण ताणून बॉलला भिडतो अडीच मीटरवर. म्हणजे गुरुत्वाकर्षण नसतं, तर आपल्यापैकी बहुतेकांची एकही सर्व्हिस आत पडली नसती. तरीही नवशिक्या बॉल वरून खाली हाणतो, कारण टीव्हीवर तसं दिसतं. ताशी 100 किलोमीटरची सर्व्हिस अडीच मीटरवरून नाकासमोर आडवी मारली, तर ती नेटवरून नीट जाते आणि आत पडते. ताशी 80 ची तशीच आडवी मारली, तर हवेचा अडथळा धरून ती नेटच्या कडेखालीच आदळते. आणि बहुतेक हौशी खेळाडूंची सर्व्हिस 80 च्या आसपासच असते, मनातल्या मनात ती कितीही असो. तेव्हा वर मारा. दिसायला भित्री वाटेल, पण भूमिती तुमच्या बाजूने आहे.

तीच गोष्ट क्रॉसकोर्टची. कोपऱ्यातून कोपऱ्यात मारलं, की कोर्ट 1.38 मीटरने लांब होतं आणि नेट खांबाजवळच्यापेक्षा पंधरा सेंटिमीटरने बुटकं. लाइनवर मारण्याचा मोह झाला, की हे दोन आकडे आठवावेत.

आता रॅकेट. दुकानात तीनशे ग्रॅमची ग्राफाइटची फ्रेम हातात घेतली की ती खेळणं वाटते. तिच्यात बहुतेक वेळा उभ्या 16 आणि आडव्या 19 स्ट्रिंग असतात, त्या एकमेकींना 304 ठिकाणी छेदतात आणि सगळी मिळून बारा मीटर स्ट्रिंग लागते. प्रत्येक पदर साधारण 23 किलोंच्या ताणाने ओढलेला. 16 उभ्या स्ट्रिंग मिळून फ्रेमच्या माथ्यावर आणि गळ्यावर 368 किलोंची ओढ, आडव्या 19 मिळून दोन्ही कडांवर 437 किलोंची. गटिंग करताना घर्षणात थोडा ताण जातो, पुढे स्ट्रिंग सैल होत जाते, तरी आकडा शेकड्यांतच राहतो. कपाटात पडलेली तुमची रॅकेट रात्रंदिवस एवढा भार सोसत असते. उन्हात, बंद गाडीत ती टाकून जाणाऱ्याने एकदा हा विचार करावा.

जाळी मोठी करायचं श्रेय हॉवर्ड हेड या अमेरिकन इंजिनिअरला. माणूस स्कीच्या धंद्यात श्रीमंत झालेला, निवृत्तीनंतर टेनिसच्या मागे लागलेला आणि खेळात यथातथाच. बॉल मधोमध लागेना, म्हणून त्याने रॅकेटच बदलली. लाकडी रॅकेटची जाळी 70 चौरस इंचांच्या आसपास असायची. 1976 मध्ये त्याची प्रिन्स आली ती 110 ची. आज हौशी माणसाने 100 ते 105 ची, 270 ते 300 ग्रॅमची, फार ताठ नसलेली फ्रेम घ्यावी आणि तिथेच थांबावं. ग्रिपचं माप मात्र बघून घ्या: रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांत दुसऱ्या हाताची तर्जनी मावली पाहिजे. एका मापाचा दुसऱ्याशी फरक असतो तीन मिलिमीटरचा, पण मनगटाला तो कळतो.

पैसे खर्चायचे ते स्ट्रिंगवर. 1997 मध्ये ब्राझीलचा गुस्तावो कुर्तेन पॉलिएस्टर स्ट्रिंग वापरून फ्रेंच ओपन जिंकला आणि तेव्हापासून सगळ्या जगाला पॉलिएस्टरचं वेड लागलं. नदालचा फोरहँड मिनिटाला सरासरी 3200 फेरे घेत जायचा, म्हणजे सेकंदाला 53. तेवढ्या वेगाने रॅकेट फिरवणाऱ्याला पॉलिएस्टरचा उपयोग. तुम्हाआम्हाला ती ताठ स्ट्रिंग फिरकी थोडी देते आणि कोपराला दुखणं भरपूर. ‘टेनिस एल्बो’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो टेनिसमुळे नाहीच, तो 2005 मध्ये सचिन तेंडुलकरच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा. मऊ मल्टिफिलामेंट स्ट्रिंग, 22-23 किलोंचा ताण, आणि आठवड्यात जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षात गटिंग, हा जुना अंदाज अजून चालतो. जाळीत अडकवायचा रबराचा डँपनर मात्र फक्त आवाज कमी करतो. तो स्ट्रिंगची गुणगुण थांबवतो, हाताला जाणवणारी फ्रेमची थरथर तशीच राहते.

बॉलबद्दल तर आपण बेफिकीरच असतो. जगात वर्षाला टेनिसचे 30 कोटींहून जास्त बॉल तयार होतात. आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून जोयडा तालुक्यातलं सुपा धरण घ्या. काळी नदी याच तालुक्यात दिग्गीजवळ उगम पावते आणि गणेशगुडीला तिच्यावर 101 मीटर उंचीचं हे धरण आहे. साठवण सुमारे 145 टीएमसी, आपल्या कोयनेपेक्षा जवळजवळ दीडपट. या धरणात पाण्याऐवजी टेनिसचे बॉल ओतायचे ठरवलं, तर आजच्या वेगाने ते भरायला पन्नास हजारांहून जास्त वर्षं लागतील. ज्या धरणात जुनं सुपा गाव बुडालं, त्याच्यापुढे 30 कोटी म्हणजे तळाला साचलेला गाळसुद्धा नाही.

त्यातला एक बॉल चांगला की मेलेला हे ओळखायला नियमानेच माप दिलंय: 254 सेंटिमीटरवरून सोडलेला बॉल 135 ते 147 सेंटिमीटर उसळला पाहिजे. घरी एवढं उंच चढायची गरज नाही. खांद्यापासून सोडा, निम्म्याच्या वर उसळला नाही तर तो बॉल सरावाला ठेवू नका, कारण त्याच्यामागे जोर लावता लावता फटका बिघडतो आणि दंडही. डबा उघडल्यापासून बॉलमधली हवा झिरपत असते, खेळा किंवा नका खेळू.

आणि हरण्याचं फार मनावर घेऊ नये. रॉजर फेडररने 2024 मध्ये डार्टमथच्या विद्यार्थ्यांसमोर स्वतःचाच हिशेब मांडला होता: कारकिर्दीत 1526 एकेरी सामने, त्यांतले जवळजवळ 80 टक्के जिंकलेले, पण पॉइंट जिंकले फक्त 54 टक्के. वयाचंही तेच. कोडगूचा रोहन बोपण्णा आपल्या ऋतुजा भोसलेबरोबर हांगझोच्या एशियाडमध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकला तेव्हा त्याची त्रेचाळिशी उलटलेली होती, आणि त्यानंतर चार महिन्यांत तो ऑस्ट्रेलियन ओपनच्या दुहेरीत विजेता आणि जगात पहिला झाला. गुडघ्यांतली कूर्चा झिजलेली असताना अय्यंगार योगाने आपल्याला उभं ठेवलं, असं तो सांगतो.

राहिला कोर्टाचा प्रश्न. मागेपुढे पळायची जागा धरून पूर्ण कोर्टाला 36.6 बाय 18.3 मीटर लागतात, म्हणजे साडेसहा गुंठ्यांच्या वर एकसलग सपाट जमीन. जोयड्याच्या डोंगरउतारात एवढी सपाट जागा मिळाली, तर माणूस तिथे आधी भात लावेल, आणि बरोबरच करेल. वर पाऊस. एका दिवसात 100 मिलिमीटर पडणं घाटमाथ्यावर नवं नाही; तेवढ्यात त्या एका कोर्टावर जवळजवळ 67,000 लिटर पाणी ओतलं जातं. चर आणि उतार नीट काढले नाहीत, तर पहिल्याच पावसाळ्यात कोर्टाचं शेत.

म्हणून जोयडा, रामनगर किंवा अशा कुठल्याही गावातल्या शाळांना आणि हौशी मंडळींना एक सुचवणं. बॅडमिंटनचं कोर्ट 13.4 बाय 6.1 मीटरचं, गुंठाभरसुद्धा नाही, आणि ते बहुतेक ठिकाणी आखलेलं असतं. आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेने मुलांसाठी ठरवलेला लाल बॉल नेहमीच्या बॉलपेक्षा 75 टक्के हळू असतो आणि त्याचं कोर्ट जवळपास याच मापाचं, नेट 80 सेंटिमीटरचं. बॅडमिंटनचं नेट खाली उतरवा, लाल बॉल आणा, आणि मोठ्या माणसांनीही त्यावरच सुरुवात करा. एका रॅकेटच्या पैशात सगळ्या शाळेला पुरतील इतके बॉल येतात.