९५० हेक्टोपास्कल म्हणजे नेमकं किती वादळ?

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकलं, तेव्हा केंद्रातल्या दाबाचे आकडे कणकवलीतल्या मोबाइलांवरही फिरत होते. कुठे मिलिबार, कुठे हेक्टोपास्कल. त्यामुळे ही दोन वेगळी मापं आहेत आणि नवं जास्त अचूक असणार, असा समज झाला. तो चूक आहे. एक मिलिबार म्हणजे बरोबर एक हेक्टोपास्कल, रूपांतर करायला काही उरतच नाही. दाबाचं आंतरराष्ट्रीय एकक पास्कल, पण ते इतकं लहान की साधा दाबसुद्धा लाखाच्या घरात जातो. म्हणून शंभर पास्कलांचा हेक्टोपास्कल घेतला, आणि जुन्या नोंदींचे आकडे जसेच्या तसे राहिले. शाळेत पाठ केलेले पाऱ्याचे ७६० मिलिमीटर, अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या टीव्हीवरचे २९.९२ इंच आणि आपले १०१३.२५ हेक्टोपास्कल हा एकच दाब आहे.

दुसरा समज जास्त चिवट आहे: आकडा जितका लहान तितकं आपल्यावरचं संकट मोठं. याला उत्तर द्यायला आंबोली पुरे. समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंचीवरच्या या गावात निरभ्र, शांत दिवशीही दाबमापक ९३५ च्या आसपास दाखवेल. तौक्तेच्या केंद्रातला सर्वांत कमी दाब हवामान खात्याच्या हिशेबात ९५० होता. म्हणजे आंबोली रोजच तौक्तेच्या खाली असते, आणि तिथे कौलही हलत नाही. उंचीबरोबर दाब घटतोच, कोकणपट्टीच्या पातळीला साधारण दर आठ-नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल. म्हणून हवामान नकाशावरचे सगळे आकडे आधी समुद्रसपाटीला आणलेले असतात. वारा सुटतो तो दाब कमी असल्यामुळे नव्हे, तर जवळच्याच दोन ठिकाणांच्या दाबात मोठा फरक पडल्यामुळे. भोवती १००५ आणि थोड्याच अंतरावर ९५० अशी उतरण लागली की हवा केंद्राकडे झेपावते. म्हणूनच भारतीय हवामान खातं वादळाची प्रतवारी दाबावर नाही, वाऱ्यावर करतं: ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र.

शिवाय तो आकडा फक्त केंद्राचा असतो. ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार ९२२ पर्यंत उतरलं, तौक्तेहूनही खोल, पण ते खोल समुद्रात पश्चिमेकडे निघून गेलं. निसर्ग चक्रीवादळ त्यामानाने उथळ, ९८४ चं, तरी ३ जून २०२० रोजी थेट रायगडच्या जमिनीवर चढलं आणि माडा-सुपारीच्या बागा आडव्या करून गेलं. तौक्तेचं ९५० देखील मालवणसमोरचं नव्हे. ते पुढे गुजरातच्या वाटेवर गाठलेलं टोक होतं.

मग हा आकडा सांगतातच कशाला, असा प्रश्न रास्त आहे. दाब आणि वारा यांचं नातं ढोबळ असलं तरी खरं आहे, आणि खवळलेल्या समुद्रात वाऱ्याचा वेग मोजण्यापेक्षा दाब मोजणं भरवशाचं असतं. शिवाय दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर वर येतं, आणि किनाऱ्यावर किती पाणी चढेल याच्या गणितात तो आकडा लागतो (खरं उधाण मात्र वाराच घडवतो). फक्त एवढं लक्षात ठेवावं की अरबी समुद्रातल्या वादळाच्या केंद्रात सहसा कुणी दाबमापक घेऊन गेलेलं नसतं. उपग्रहाच्या चित्रातल्या ढगांच्या घडणीवरून बांधलेला तो जाणता अंदाज असतो. म्हणून ९५० आणि ९५२ वरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता तर काही मोबाइलांतच दाबमापक असतो. त्यात दुपारी चारच्या सुमाराला आकडा दोन-तीनने घसरलेला दिसला की लगेच कुणाला फयान चक्रीवादळ आठवतं. पण आपल्या पट्ट्यात दाब रोजच सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. कणकवलीहून फोंडाघाट चढताना तर तो भराभर कोसळेल, आकाश स्वच्छ असलं तरी. जागेवरून न हलता, सकाळी चढायच्या वेळी तो उतरत असेल, तर मात्र हवामान खात्याचं पत्रक पाहावं आणि बंदरावर कितव्या नंबरचा धोक्याचा बावटा लागलाय ते विचारावं.