अपडेटनंतर प्रिंटर कुठे हरवतो?

लिनक्सचा अपडेट पूर्ण होतो, संगणक पुन्हा सुरू होतो आणि काल संध्याकाळपर्यंत कागद काढणारा प्रिंटर यादीतून नाहीसा झालेला असतो. अशा वेळी प्रिंटर बिघडलेला असण्याची शक्यता फार कमी. अपडेटमध्ये बदलतात ते संगणकातले दुवे: कर्नल (लिनक्सचा गाभा), ड्रायव्हर, छपाईची सेवा. त्यांतला एखादा नवा झाला आणि शेजारचा जुनाच राहिला, की दोघांची ओळख तुटते आणि पडद्यावर ‘प्रिंटर सापडला नाही’ असे दिसते. ओळख नेमकी कोणत्या पायरीवर तुटली, एवढे शोधले की निम्मे काम झाले.

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावात हे शोधता येणे फार मोलाचे आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याची पावती, परीक्षेचे प्रवेशपत्र यांपैकी काहीही मोबाइलवर दिसले तरी शेवटी कागदावर लागतेच. प्रिंटर बंद पडला तर त्या कागदासाठी मानोरा नाही तर कारंजा गाठावे लागते, आणि पेरणीच्या दिवसांत एका फेरीत मजुराचा पूर्ण रोज बुडतो. शिवाय अशा ठिकाणी बहुतेक वेळा जुना, टिकाऊ, एकरंगी लेझर प्रिंटर असतो. अपडेटनंतरच्या कटकटी नेमक्या याच वर्गात जास्त आहेत.

प्रिंटरची वायर संगणकात खोचली की पहिल्यांदा तो कर्नलला दिसतो. तिथून त्याला यूएसबीवरची जागा मिळते. त्यानंतर ‘कप्स’ ही छपाईची सेवा त्याला हाक मारते, योग्य ड्रायव्हर जोडते आणि त्याच्या नावाने एक रांग उभी करते. वापरणाऱ्याला यादीत दिसते ती ही रांग, प्रत्यक्ष यंत्र नव्हे. कप्सचे काम मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये सुरू केले. २००७ मध्ये ॲपलने त्याचा मूळ कोड विकत घेतला, आणि २०१९ च्या अखेरीस स्वीट तिथून बाहेर पडल्यावर लिनक्सवरील कप्सची धुरा ‘ओपनप्रिंटिंग’ या मंडळींनी उचलली. उबुंटू असो, फेडोरा असो की सी-डॅकचे डेबियनवर उभारलेले ‘बॉस’, छपाईचा रस्ता कप्समधूनच जातो. म्हणून पुढची तपासणी सगळीकडे जवळपास सारखीच लागू पडते.

तपासणी तळापासून करावी. टर्मिनल उघडून ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. (इथल्या सगळ्या आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.) यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी येते आणि प्रत्येक ओळीत कंपनीचा क्रमांक असतो. ०३एफ० म्हणजे एचपी, ०४ए९ म्हणजे कॅनन, ०४बी८ म्हणजे एप्सन. प्रिंटरची ओळ इथेच नसेल, तर अपडेटला दोष देण्याआधी वायर, संगणकाचे दुसरे पोर्ट आणि प्रिंटरचे बटण पाहावे. हबमधून जोडलेला प्रिंटर एकदा थेट संगणकाला लावून बघावा. हे सगळे नीट असूनही ओळ येत नसेल, तर संगणक सुरू होताना ग्रबच्या यादीतून आधीचे कर्नल निवडावे. उबुंटू आणि डेबियन जुने कर्नल लगेच काढून टाकत नाहीत, ते अशा वेळी कामी येते. जुन्या कर्नलवर प्रिंटर दिसला, तर दोष नव्या कर्नलमध्ये आहे.

एक साधी गोष्ट इथे हमखास राहून जाते. कर्नल बदलल्यावर संगणक रीस्टार्ट करायलाच हवा. आर्चसारख्या काही प्रणालींत नवे कर्नल बसताना जुन्याची मोड्यूल्स डिस्कवरून काढली जातात, पण मेमरीत चालू असते ते जुनेच कर्नल. मग प्रिंटर जोडल्यावर लागणारे ‘यूएसबीएलपी’ हे मोड्यूल त्याला सापडत नाही. रीस्टार्ट केल्यावर तक्रार आपोआप मिटते.

यादीत प्रिंटरची ओळ आहे, पण छपाई होत नाही, असे असेल तर खरी तपासणी पुढे आहे. एचपीचा लेझरजेट १०२० हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांपासून तहसील कचेरीबाहेरच्या टेबलांपर्यंत हे यंत्र दिसते. त्याची एक खोड बहुतेकांना ठाऊक नसते: त्याचे फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, त्याच्या पोटात कायमचे नसते. बटण चालू केले की तो संगणकाकडून दर वेळी ते मागून घेतो. ते पोहोचले की आतले रोलर क्षणभर फिरल्याचा आवाज येतो आणि मगच तो कागद ओढायला तयार होतो. पी१००७, पी१००८ ही त्याची भावंडेही तशीच. वीज गेली की फर्मवेअर गेले, आणि वीज आली की संगणकाने ते पुन्हा द्यायचे. दिवसातून चार वेळा लाइट जाणाऱ्या गावात ही देवाणघेवाण चार वेळा बिनचूक व्हावी लागते.

ही जबाबदारी लिनक्सवर ‘एचपीलिप’ या एचपीच्याच संचाकडे असते. संच मुक्त आहे, पण या जातीच्या प्रिंटरांसाठी त्याला एक बंदिस्त प्लगिन वेगळे उतरवून घ्यावे लागते आणि दोघांची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. अपडेटमध्ये एचपीलिप पुढच्या आवृत्तीला जातो, प्लगिन मागच्याच आवृत्तीचे राहते, कारण ते लिनक्सच्या भांडारातून आलेलेच नसते. प्रिंटर दिसतो, पण मुका. उपाय सोपा आहे: इंटरनेट चालू असताना ‘एचपी-प्लगिन’ ही आज्ञा द्यावी, परवाना मान्य करावा आणि प्रिंटर एकदा बंद करून चालू करावा. रोलर फिरल्याचा आवाज आला तर काम झाले. रांग पुसून, ड्रायव्हर काढून, पुन्हा बसवण्यात अर्धा दिवस घालवणारे पुष्कळ आहेत. त्यांचे काम या एका आज्ञेत झाले असते.

बंदिस्त तुकड्याची ही अडचण जुनी आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. कागद अडकल्यावर त्याने सगळ्यांना कळवावे, अशी सुधारणा तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रोग्रॅममध्ये करायची होती, पण मूळ कोड त्यांना मिळाला नाही. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, त्यामागे हा अनुभवही होता.

कॅननच्या एलबीपी२९०० ची गोष्ट निराळी. त्याचा कॅननने दिलेला ड्रायव्हर ‘कॅप्ट’ या खास पद्धतीचा आहे आणि त्यातली ‘सीसीपीडी’ ही सेवा ‘डेव्ह’ फोल्डरातल्या ‘यूएसबी’ कप्प्यात ‘एलपी०’ नावाची फाइल शोधते. ही फाइल यूएसबीएलपी मोड्यूल तयार करते. अपडेटनंतर ते मोड्यूल बंदीच्या यादीत गेले, किंवा कप्सने प्रिंटरचा ताबा स्वतःकडे घेतला, तर ती फाइल नाहीशी होते. ‘गायब’ हा शब्द इथे अक्षरशः खरा ठरतो. ‘सुडो मॉडप्रोब यूएसबीएलपी’ ही आज्ञा देऊन फाइल परत येते का, ते पाहावे. कधीकधी वीज जाऊन आल्यावर तोच प्रिंटर ‘एलपी१’ म्हणून उभा राहतो आणि सीसीपीडी मात्र एलपी० च्या दारात थांबून राहते. जोडलेल्या उपकरणांना नावे देणाऱ्या ‘यूडेव’ या सेवेचा नियम लिहून प्रिंटरला एक कायमचे नाव दिले, की हा घोळ थांबतो. आणखी एक कारण: या ड्रायव्हरला ३२ बिटांची काही लायब्ररी-पॅकेजेस लागतात, आणि मोठ्या आवृत्तीबदलात ती निघून जाऊ शकतात.

नव्या प्रिंटरांचा प्रश्न उलट्या बाजूने येतो. त्यांना ड्रायव्हरच लागत नाही. डेबियन ११ च्या काळापासून ‘आयपीपी-यूएसबी’ नावाची सेवा अशा प्रिंटरचा थेट ताबा घेते आणि तो नेटवर्कवर असल्यासारखा कप्ससमोर मांडते. यूएसबीच्या एका दारात दोघे बसू शकत नाहीत, म्हणून जुन्या ड्रायव्हरवर बांधलेली आधीची रांग निकामी होते. जुनी काढावी, ड्रायव्हरविना नवी जोडावी. बहुतेकदा तेवढे पुरते.

नेटवर्कवरून वाटून घेतलेल्या प्रिंटरसाठी २०२४ चा सप्टेंबर लक्षात ठेवण्यासारखा. २६ सप्टेंबरला ‘कप्स-ब्राउज्ड’ या सेवेतली गंभीर त्रुटी जाहीर झाली. अनोळखी संगणक ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर आपण प्रिंटर असल्याची खोटी द्वाही फिरवू शकत होता. त्यानंतरच्या सुरक्षा-अपडेटांत शोधाची ही जुनी पद्धत काढून टाकली गेली, आणि तिच्या आधाराने आपोआप दिसणारे प्रिंटर काही ठिकाणी यादीतून गेले. ते परत आणायला जुनी पद्धत उघडू नये. प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये पक्का करून हाताने जोडावा. अपडेट टाळावा असा सल्ला कोणी देत असेल, तर ही घटना त्याचे उत्तर आहे. लोकांची कागदपत्रे हाताळणाऱ्या संगणकाला तो धोका परवडत नाही.

यंत्र दिसते, ड्रायव्हर ठीक आहे, तरी कागद येत नसेल, तर रांगेकडे वळावे. ‘एलपीस्टॅट -टी’ रांगेची अवस्था सांगते. आधीच्या अपयशामुळे कप्सने रांग थांबवून ठेवलेली असेल, तर ‘कप्सएनेबल’ आणि रांगेचे नाव एवढे पुरते. ‘सुडो एलपीइन्फो -व्ही’ कप्सला दिसणारे पत्ते दाखवते. रांगेत नोंदलेला पत्ता आणि हा पत्ता वेगळा असेल, तर दोष तिथेच. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचे ६३१ पोर्ट उघडून तो बदलता येतो.

कोणता तुकडा बदलला याची नोंद संगणकातच असते. डेबियन-उबुंटूमध्ये ‘व्हार’ फोल्डरातल्या ‘लॉग’, ‘एपीटी’ या कप्प्यांत ‘हिस्टरी’ नावाची फाइल आहे. फेडोरात ‘डीएनएफ हिस्टरी’ ही आज्ञा. अपडेटची तारीख पाहून तिथे कर्नल, कप्स की एचपीलिप बदलले ते वाचावे. एचपीलिपच दर वेळी त्रास देत असेल, तर ‘एपीटी-मार्क होल्ड’ने त्या एका पॅकेजला तात्पुरते थांबवता येते आणि बाकीचे अपडेट चालू राहतात.

दुरुस्ती झाल्यावर चाचणीचा एक कागद काढावा. मग प्रिंटर मेन स्विचवरून बंद करावा, मिनिटभर थांबून चालू करावा, आणि संगणकाला हात न लावता दुसरा कागद काढावा. तो दुसरा कागद निघाला, तरच लाइट जाऊन आल्यावरही सातबारा निघेल.