टॅपिओकाचे पाणी, ताण्याची खळ

व्यापारी बंधूंनो, स्टार्चच्या पोत्याचा भाव आपण सारेच विचारतो, शेतातले पाणी कोणी विचारत नाही. साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्या टॅपिओकाचा स्टार्च सुती ताण्याच्या खळीतही चालतो. तामिळनाडूचा सेलम भाग त्याचे मोठे केंद्र.

लागवडीनंतरच्या पहिल्या महिन्यांत पाणी तुटले तर कंद कमी धरतात, साचले तर कुजतात. खरी गोम पुढेच आहे. कोरड्या दिवसांत झाड पाने गाळते. मग पाऊस पडला की नवी पालवी कंदातल्याच स्टार्चवर फुटते. कंद वरून तसाच दिसतो, आतला माल घटतो. म्हणून अशा पावसानंतर नुसती कंदांची आवक पाहून आम्ही सौदा करीत नाही. स्टार्च महागला की सायझिंगवाला खळ पातळ करतो, ताणा तुटतो आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारीगराची रोजी बुडते. शिव्या मात्र सूतवाल्याला!