पाठीवर पंप चढण्याआधी

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवाऱ्याचे तुषार थेट तोंडावर येत होते. पुढे ‘मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत’ असा ठपका मजुरांवरच आला. पण पंप देण्याआधी त्यांची तयारी कोणी पाहिली होती?

याच जिल्ह्यात वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. तिथे नव्या कामगाराला १९६६च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार आधी प्रशिक्षण द्यावं लागतं. ते गरजेचंच आहे. कॅनडातल्या अभ्यासांत कामाच्या पहिल्या महिन्यात दुखापतीचा धोका, वर्षाहून जास्त अनुभव असलेल्यांच्या सुमारे तिप्पट आढळला. शेतात मात्र सकाळी बोलावलेला नवा गडी थोड्याच वेळात औषध कालवायला बसतो.

मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं कातडीतूनही शरीरात शिरतात; उघड्या अंगाला आणि ओल्या कपड्यांना धोका जास्त. मज्जातंतूंचा निरोप पोचवून झाला की ॲसिटिलकोलीन हे रसायन साफ करणारं एक विकर असतं, त्यालाच हे विष निकामी करतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ सुटते, बाहुल्या आकसतात, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडतो.

‘हातमोजे घालणार का?’ असं विचारलं तर नवा माणूस ‘हो’च म्हणणार, त्याला काम हवं असतं. म्हणून त्याची वृत्ती अशा प्रश्नाने कळत नाही. नेमका प्रसंग समोर ठेवावा लागतो: ‘नोझल तुंबलं तर काय करशील? वारा फिरला तर? डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दोन पंप उरले असतील तर?’ नोझलला तोंड लावून फुंकणारा इथेच लक्षात येतो.

दुसरी कसोटी हाताची. पंपात औषधाऐवजी साधं पाणी आणि निरुपद्रवी चमकणारा रंग घालून चार ओळी फवारायला लावायच्या आणि मग अतिनील दिव्याखाली अंग पाहायचं. कीटकनाशकांच्या संपर्काचा अभ्यास करणारे संशोधक ही पद्धत वापरतात. मानेवर, मनगटावर, मांड्यांवर उजळलेले डाग पाहिले की ‘आपल्याला काही होत नाही’ हा भरवसा डळमळतो. संकट दुसऱ्यावर येईल, आपल्यावर नाही, असं माणसाला वाटतं, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टीन यांनी १९८०मध्ये दाखवलं होतं.

त्याच वर्षी इस्रायलच्या डोव्ह झोहर यांनी कारखान्यांतल्या कामगारांचा अभ्यास मांडला. मालक आणि वरिष्ठ सुरक्षेला खरोखर किती किंमत देतात, याचा कामगारांच्या मनातला अंदाज फार महत्त्वाचा असतो, असं त्यातून पुढे आलं. शेतालाही हेच लागू आहे. मजुरी पंपांच्या हिशेबाने मिळत असेल, तर वारा सुटल्यावर थांबणाऱ्याचा रोज बुडतो. अशा वेळी त्याला निष्काळजी म्हणणं अन्यायाचं आहे. भर उन्हात जाड संरक्षक किट अंगावर टिकत नाही, हेही खरं. म्हणून परीक्षा शेतमालकाचीही व्हायला हवी: डब्यावर अतिविषारी असल्याची खूण, म्हणजे लाल त्रिकोण असताना कमी विषारी पर्याय पाहिला का? काम थांबवलं तर मजुरी देणार का? धुवायला साबण-पाणी बांधावर आहे का?

कीटकनाशक नियम, १९७१मध्ये संरक्षक कपडे, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण यांच्या तरतुदी आहेत. त्या बांधापर्यंत पोचवायच्या, तर हंगामाआधी गावोगाव पाण्याची चाचणी-फवारणी घेता येईल; कृषी सहायक आणि कृषी सेवा केंद्रांनी मनावर घेतलं तर हे अवघड नाही. त्यात कच्चा ठरलेल्या मजुराला घरी पाठवायचं नाही, शिकवायचं. आणि कच्चा ठरलेल्या मालकाच्या शेतात, तो सुधारेपर्यंत, पंप उचलायचा नाही.