सगाला डोंगरातील देवगांडूळ

केनियाच्या आग्नेय भागात, व्होई गावाजवळ, कोरड्या मैदानातून सगालाचा डोंगर एकाकी उभा आहे. त्याच्या ओल्या मातीत कुदळ मारली तर कधी तपकिरी रंगाचा, बिनपायांचा एक जीव वर येतो. प्रथम पाहणाऱ्यास तो गांडूळ वाटावा, नाहीतर साप. पण तो दोन्ही नव्हे. तो बेडकाचा भाऊबंद, देवगांडूळ होय.

ओळखावा कसा? अंगावर वळ्या गांडुळासारख्याच, परंतु आत पाठीचा कणा आणि तोंडात जबडा व दात. वाळ्याच्या अंगावर खवले असतात. याची कातडी मऊ, ओलसर. नाकपुडीजवळ इवलीशी स्पर्शिका असते. अंधारात तीच त्याची वाटाडी. त्याला शोधण्यास रानभर हिंडून उपयोग नाही. ओढ्याकाठची भुसभुशीत माती हलक्या हाताने खणावी लागते.

शेजारच्या तैता डोंगरांत याचाच निळसर-काळा भाऊ राहतो. त्याची पिले आईची पौष्टिक कातडी खरवडून खातात आणि आई ती खाऊ देते, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. सगालाच्या जातीला शास्त्रीय नाव मिळाले २००५ मध्ये. ती या एका डोंगरावाचून अन्यत्र आढळलेली नाही. तेथे लावलेली निलगिरीची झाडे जमिनीतील ओल शोषून घेतात, आणि ओल गेली की हा जीवही गेला.

खंडाळ्याच्या घाटातील देवगांडुळाची एक जात १९६० मध्ये शास्त्राला ठाऊक झाली. तेव्हा, वाचकहो, पावसाळ्यात कुदळीपुढे असा जीव आला तर घाव घालण्यापूर्वी क्षणभर थांबावे.