जॅक जॉन्सन आणि पालवणकर बाळू

१९०८ साली सिडनीत मुष्टियुद्धाचे जागतिक अजिंक्यपद जिंकणाऱ्या कृष्णवर्णीय जॅक जॉन्सन यांचा लंडनमधील नियोजित सामना १९११ मध्ये सरकारी हस्तक्षेपामुळे रद्द झाला. आणि त्याच वर्षी, ज्यांना पुण्याच्या हिंदू क्लबात सवर्ण सहकाऱ्यांपासून दूर, मंडपाबाहेर, मातीच्या पेल्यात चहा दिला जाई, ते चर्मकार कुटुंबातील डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळवीत होते. चेंडूस विटाळ नव्हता, पेल्यास मात्र होता, हा न्याय खरोखर अजब! हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना नाकारलेच गेले. १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळाले.