गिटार घरी करताना: पाच मिलिमीटर गेले कुठे?

जानेवारीतल्या एका रात्री, बाहेर उणे वीस तापमान असताना, तळघरातून ‘टक्’ असा आवाज आला. पाण्याचा पाइप फुटला असं वाटून मी धावत खाली गेले. पाइप शाबूत होते. मी केलेल्या पहिल्या गिटारच्या पुढच्या फळीला ब्रिजपासून खालपर्यंत सरळ तडा गेला होता. पाच महिन्यांचे शनिवार-रविवार त्या गिटारमध्ये गेले होते, आणि दिवसा मी पोट भरते ते पदार्थांच्या गुणधर्मांवर संशोधन करून. म्हणजे हे मला आधी कळायला हवं होतं.

इथे गॅरेज किंवा तळघर मिळालं की आपल्यापैकी बरेच जण सुतारकामाला लागतात. आधी बागेतलं बाकडं होतं, मग पुस्तकांचं कपाट. तुम्ही तिथवर पोचला असाल तर अकूस्टिक गिटार तुमच्या हातची गोष्ट आहे. करवत, रंधा, पटाशी, बरेचसे शिकंजे आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे (कडेच्या पट्ट्या चिकटवताना हेच लागतात, खरंच) एवढ्यावर भागतं. फक्त कपाट चुकलं तर दार घासतं. गिटार चुकली तर ती बोलत नाही किंवा फाटते.

याचं कारण पुढच्या फळीत आहे. ही फळी बहुधा स्प्रूसची असते, जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची. सहा पोलादी तारा मिळून तिच्यावर सत्तर किलोच्या आसपास ताण टाकतात, म्हणजे एक मोठा माणूस सतत लोंबकळत असावा तितका. तरी ती हलकी हवी, नाहीतर तारेची ऊर्जा हवेपर्यंत पोचणार नाही. स्प्रूस वजनाने पाण्याच्या निम्म्याहून कमी, पण रेषांच्या दिशेने इतकं ताठ की त्यातून आवाज पोलादातून जातो जवळपास त्याच वेगाने जातो. आडव्या दिशेला मात्र हा ताठपणा दहापटीहूनही जास्त घसरतो. म्हणून आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात. जर्मनीहून १८३३ मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या सी. एफ. मार्टिन या कारागिराच्या गिटारींत १८४०च्या दशकात या पट्ट्या फुलीच्या आकारात दिसू लागल्या. तेव्हा गिटारला आतड्याच्या तारा असत. पोलादी तारा नंतर आल्या, आणि हीच फुली त्यांचा ताण पेलायला कामी आली.

आता माझी चूक. मी या पट्ट्या ऑगस्टमध्ये चिकटवल्या. तळघरात तेव्हा सापेक्ष आर्द्रता ७० टक्के होती आणि अशा हवेत लाकूड स्वतःच्या वजनाच्या साधारण १३ टक्के पाणी धरून बसतं. जानेवारीत हीटर चालू, आर्द्रता २० टक्के. लाकडातलं पाणी चार-पाच टक्क्यांवर. दर एक टक्का पाणी गेलं की स्प्रूस रुंदीत साधारण ०.१५ टक्के आकसतं. फळी खालच्या बाजूला ४०० मिलिमीटर रुंद. गुणाकार केलात तर जवळपास ५ मिलिमीटर येतात. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ आकसतच नाही, आणि फळीला आडव्या जाणाऱ्या पट्ट्यांची लांबी नेमकी त्याच दिशेत होती. फळीला आत यायचं होतं, पट्ट्या येऊ देत नव्हत्या. ते पाच मिलिमीटर कुठूनतरी निघणारच होते.

तेव्हा तुम्ही करणार असाल तर आधी पन्नास डॉलरचं लाकूड आणू नका, चांगला आर्द्रतामापक आणा. ४० ते ४५ टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हाच पट्ट्या चिकटवा.

बाकीचं काम त्या मानाने मजेचं आहे. कडेच्या फळ्या २ मिलिमीटरपर्यंत रंधून ओल्या करायच्या आणि तापलेल्या नळीवर दाबत वाकवायच्या. ओल्या उष्णतेत लाकडातलं लिग्निन मऊ पडतं. हाताला एका क्षणी ‘सैल झालं’ असं जाणवतं. जोर केलात तर मोडते.

फ्रेट म्हणजे सतारीचे पडदेच, पण ठोकून बसवलेले, मागून सरकवता न येणारे. तारेची लांबी ६५० मिलिमीटर धरा, तिला १७.८१७ने भागा: ३६.५, हा पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच भागा. असं बारा वेळा केलं की बरोबर निम्मं उरतं, म्हणजे वरचा सा. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो यांनी १५८१ मध्ये १८ने भागायला सांगितलं होतं. त्या हिशोबाने बारावा फ्रेट अडीच मिलिमीटर चुकतो. कानाला ते लगेच कळतं.

मागच्या लाकडाची फार चिंता करू नका. आपल्या सह्याद्रीतली शिसव ही गिटारवाल्यांची लाडकी, पण ती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांखाली आहे, सुट्टीहून येताना बॅगेतून फळी आणायचा विचारही नको. लँकेस्टर विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला: सहा गिटारी, फक्त मागची आणि कडेची लाकडं वेगळी, आणि ५२ वादक. लाकूड दिसत नसताना महाग-स्वस्त यांच्या दर्जात त्यांना फारसा फरक वाटला नाही. मी अक्रोड वापरलं.

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी येतो: पट्ट्या किती तासायच्या? ताठपणा उंचीच्या घनाप्रमाणे बदलतो. दहा टक्के उंची कमी केलीत तर ताठपणा २७ टक्के जातो. पटाशीचे चार फटकारे जास्त झाले तर फळी ताराखाली फुगते, कमी झाले तर आवाज दबलेला राहतो. कारागीर बोटाने ठोकून ऐकतात. मला तो कान नाही, म्हणून मी फळीवर चहापत्ती भुरभुरते आणि खाली स्पीकर ठेवून सूर हळूहळू चढवते. १७८७ मध्ये क्लाडनीने वाळूने केलं तेच. ठरावीक सुराला पत्ती सरकून वलय बनतं. वलय तुटकं दिसलं की त्या बाजूची पट्टी अजून जाड आहे. घरातले म्हणतात, चहा वाया घालवते. खरं आहे.

तडा गेलेली गिटार मी आठवडाभर दमट पेटीत ठेवली. फट मिटत आली, उरलेल्या जागेत स्प्रूसची केसाएवढी पातळ चीप सरसाने बसवली, आतून छोटे ठोकळे आडवे लावले. रेघ दिसते, पण वाजते चांगली. दुसरी गिटार दोन हिवाळे काढून बसली आहे. तिसरीच्या फळ्या गेल्या वर्षीपासून तळघरात पट्ट्या घालून रचून ठेवल्या आहेत. आज सकाळी मापक ४३ दाखवत होता.